सात बाजांचं तळं

आकडा अकरा पूर्णांक तीनवर थांबला आणि मला राग आला. खोली मोजायच्या यंत्राचाच राग. चार वर्षं मी ते वापरतोय. शेततळी, पाझर तलाव, खाणीत साठलेलं पाणी, दीडेकशे ठिकाणी ते बुडवून झालंय आणि एकदाही खोटं बोललेलं नाही. तरी मी त्याला एक चापट मारली, पूर्वी रेडिओला मारायचो तशी. पडद्यावरची रेघ जरा थरथरली आणि पुन्हा तिथंच येऊन बसली. अकरा पूर्णांक तीन मीटर, म्हणजे सदतीस फूट. जुळे सोलापुरात आमच्या बिल्डिंगवरची पाण्याची टाकी याहून उंचावर आहे. मी नवनाथला म्हणालो, जरा उजवीकडं घ्या. त्यानं पायडल मारलं. हंसाच्या आकाराच्या बोटीत आम्ही दोन बापे बसलो होतो, अंगात नारिंगी जाकिटं, मधे यंत्र, समोर हंसाची लांब पांढरी मान. इंजिनाची बोट अजून यायची होती. उजवीकडं दहा पूर्णांक नऊ, डावीकडं अकरा, मधोमध पुन्हा अकरा पूर्णांक तीन. तळ परातीसारखा सपाट होता. सकाळचे साडेनऊ वाजले होते, वारा अजिबात नव्हता, आणि काठावर पंचायतीची माणसं तिकिटाच्या खोलीला पिवळा रंग देत होती.

नवनाथ वैरागकडचा. बोटींचा ठेका घेतलेल्या माणसानं त्याला दोन महिन्यांपूर्वी इथं आणून ठेवलेला, त्यामुळं मी कोण हे त्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं. तो मला साहेब म्हणत होता आणि पॅसेंजरना सांगायची गोष्ट माझ्यावर घासून बघत होता. म्हणाला, मशीन कितीबी बुडवा, हितं तळ न्हाय. तुमच्या मशिनीला शेवाळ लागलं आसंल. मग त्यानं क्रमानं सांगायला घेतलं. हे तळं कुणी बांधलेलं नाही, धरण नाही, बांध नाही, जमिनीनंच तोंड उघडलेलं आहे. पूर्वी सात बाजांचं सुंभ उसवून, एकाला एक गाठी मारून खाली सोडलं तरी तळ लागला नाही, म्हणून नाव सात बाजांचं तळं. इथं लिंबू टाकलं की तिसऱ्या दिवशी भीमेत वर येतं. गरिबाच्या घरी लग्न असलं की काठावर हळद वाहून यायचं, सकाळी पाण्यावर तांब्याची भांडी तरंगायची, कामं झाली की परत सोडायची. कुणीतरी एक परात ठेवून घेतली आणि तेव्हापासून तळं रुसलं. एवढं सांगून तो थांबला आणि आवाज खाली आणून म्हणाला, आन् आता सांगतो ती तर खरी घडल्याली हाय.

ती मला पाठ होती. चाळीस-पंचेचाळीस वर्षांमागं गावात आप्पा नावाचा पट्टीचा पोहणारा होता. तळाची माती आणून दाखवतो म्हणून त्यानं पैज लावली. अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी पहाटे गेला. काठावर वहाणा सापडल्या, धोतर सापडलं, माणूस सापडला नाही. मेला म्हणावं तर प्रेत वर आलं नाही, आणि येणार कसं, तळच नाही तर तो टेकणार कुठं. अजून खालीच चाललाय, असं नवनाथ म्हणाला, तळ लागंल तवा यील माघारी. म्हणून त्याची बायको अजून कपाळभर कुंकू लावते. दरसाल अक्षय तृतीयेला गावात येते, बायका तिची ओटी भरतात आणि गावातल्या नव्या नवऱ्या रांग लावून तिच्या हातनं कुंकू लावून घेतात. तिचं सौभाग्य मोडत नाही म्हणतात. मी नुसतं हं म्हणालो. दुसरं काय म्हणणार? त्या आप्पाचा मी मुलगा. माझी आई लिंबाच्या आणि परातीच्या पुढं जाऊन बसली होती, बोटिंगच्या माहितीत, आणि मी तिकीट न काढता ऐकत होतो.

मी सात वर्षांचा होतो. आप्पाची पाठ मला आठवते, तोंड आठवत नाही. तोंडाचा एक फोटो आहे घरात, पण फोटो आठवणं वेगळं. पाठ मात्र खरी आठवते, कारण तिच्यावर बसून मी या पाण्यात फिरलोय. गळ्याला मिठी मारायची आणि हलायचं नाही, असा हुकूम असायचा. खांद्यावरची कातडी उन्हानं सोललेली, कानामागं खोबरेल तेलाचा आणि तंबाखूचा वास. मधोमध गेलं की वरचं पाणी कोमट लागायचं आणि लोंबत्या पायांना मात्र एकदम गार थर लागायचा. मी पाय वर ओढून घ्यायचो. आप्पा हसायचा, ते हसणं मला छातीला कळायचं, कानांना नाही. तो गेल्यावर मी गुडघ्याच्या वर पाण्यात गेलेलो नाही. पाटबंधारे खात्यात अठ्ठावीस वर्षं काढून मुदतीआधी निवृत्ती घेतली, पाणी मोजून जेवलो, पण पोहायला येत नाही. खात्यातले लोक चेष्टा करायचे, ईश्वरराव पाण्यात पडले तर पंचनाम्याला खोली कोण देणार. मी पण हसायचो. पण बारीक रागही यायचा, कारण त्यांना काय सांगणार की माझा बाप एका तळ्यात अजून खाली चाललाय आणि मला त्याच्या वाटेत पाय घालायचा नाही. हे मी पन्नाशी उलटलेला माणूस सांगतोय. दिवसभर हिशोबी डोक्यानं काम करायचं आणि आत असलं काहीतरी जपून ठेवायचं, लाज वाटते, पण होतं खरं.

सुंभाचं मला कधीच उलगडलं होतं, तेही सांगून टाकतो. भिजलेलं सुंभ जड होतं. टोकाचा दगड तळाला टेकला तरी वरचं सुंभ आपल्या वजनानं खाली जातच राहतं, गाळात वेटोळी होऊन बसतं, आणि वरच्या माणसाला वाटतं अजून जातंय. म्हातारे खोटं बोलत नव्हते, सोडत राहिले एवढंच. नोकरीला लागलो त्या वर्षीच हे डोक्यात आलं होतं, आणि मी ते डोक्यातून काढून टाकलं होतं. एका बाजेच्या सुंभात काम झालं असतं, वर धुणं वाळत घालायला उरलं असतं. हे काम मी घ्यायलाच नको होतं. पंचायतीला माझं नाव दुसऱ्याच कुणीतरी सुचवलं, आणि मी नाही म्हणालो नाही. का नाही म्हणालो नाही, ते हंसात बसल्यावर कळलं. मला बघायचं होतं. चव्वेचाळीस वर्षं मला बघायचं होतं, आणि बघितलं तर काय, सपाट गाळ.

काठावर आल्यावर पंचायतीच्या माणसानं सांगितलं की शनिवारपर्यंत अहवाल द्या, फलक रंगवायला टाकायचाय. घाटावर मोठ्या अक्षरांत खोली लिहिणार, त्या हिशोबानं बचावाचा दोर कापून ठेवणार, मुलांना बसू द्यायचं की नाही ते ठरवणार. रास्तच होतं. मी मोटरसायकल काढली आणि अक्कलकोट रस्त्याला लागलो. वाटेत सारखा तो फलक दिसत होता. निळ्यावर पांढरं, ११.३ मी. येत्या अक्षय तृतीयेला आई घाटावर उतरणार, बायका खण-नारळ घेऊन उभ्या राहणार, आणि त्यांच्या डोक्यांच्या वर तो आकडा. तळ आहे म्हटल्यावर आप्पा टेकला. टेकला म्हणजे मेला. आणि मेला तो आज नाही, चव्वेचाळीस वर्षांपूर्वीच. म्हणजे या बाईनं एवढी वर्षं लावलं ते कुंकू कुणाचं? एवढ्या पोरींच्या कपाळाला लावलं ते कुणाचं? कुणी तोंडावर बोलणार नाही. पण ओटी भरायला पुढं येणारा एकेक हात मागं राहील. अडुसष्ट वर्षांच्या बाईला मी एका आकड्यानं विधवा करणार होतो, तेही सही-शिक्क्यासह.

घरी गेलो नाही. सोलापुरात सात रस्त्याच्या चौकाजवळ चहाच्या गाड्यावर उभा राहिलो, एक झाला, दुसरा घेतला. बाजूला दोन पोरं तेलुगूत भांडत होती, रिक्षावाला उगाच हॉर्न वाजवत होता, सगळं शहर आपापल्या कामात होतं आणि मी बोटीत असल्यासारखा डुलत होतो. दानेश्वरीचा, माझ्या बायकोचा, फोन आला. तिला सांगितलं. ती अक्कलकोटकडची, माहेरी कन्नड बोलतात, चिडली की तिचं मराठी फार स्वच्छ होतं. ती म्हणाली, तुमचं यंत्र तुमच्यापाशी ठेवा, आत्याबाईंना काही सांगायचं नाही. मोजमाप शक्य झालं नाही असं लिहून द्या. मी म्हणालो, आणि उद्या एखादं पोर पडलं आणि दोर आखूड पडला तर? ती म्हणाली, तसं असेल तर फलक लागायच्या आधी तुम्ही सांगा, दुसऱ्याकडून कळायला नको. बायकोचं हेच असतं, शेवटी बरोबर तेच बोलते आणि करायला आपल्याला लावते. तिसरा चहा मागवला होता तो तसाच सोडला.

आई गॅलरीत बसून शेंगा फोडत होती. चटणीसाठी बाजारात फोडलेले दाणे मिळतात, पण ते तिला चालत नाहीत. गाव सोडून आम्ही सोलापुरात आलो तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. टॉवेलच्या कारखान्यात काठ शिवून तिनं मला शिकवलं. गल्ली सगळी विणकरांची होती, शेजारची कमलम्मा तिला हळदीकुंकवाला हक्कानं बोलवायची. तिच्यापासून गोष्ट गल्लीभर झाली, आणि केराबाई हे नाव मागं पडून आई तळ्यावाली झाली. मी लहान असताना रात्री ती कुंकू पुसते का ते चोरून बघायचो. नाही पुसायची. मला त्याचा केवढा आधार वाटायचा. ती लावतेय म्हणजे तो चाललाय, थांबलेला नाही. आज मात्र तिच्यासमोर स्टूल ओढून बसलो आणि त्या कपाळाकडं बघवेना. टरफलांच्या ढिगाकडं बघत मी सांगून टाकलं. बोटिंग सुरू होतंय, खोली मोजायचं काम माझ्याकडं आलं, आज मोजली. तळ आहे. तिनं हातातली शेंग फोडली, दाणे ताटात टाकले, आणि इतक्या साध्या आवाजात विचारलं की मला वाटलं तिला ऐकूच आलं नाही.

"किती हात?"

मी मनात भागाकार केला आणि म्हणालो, चोवीस-पंचवीस.

"चोवीस," ती म्हणाली. "मला चोवीस लागलं हुतं."

यानंतर ती जे बोलली ते शेंगा फोडतच बोलली. पुरुषमाणसांनी सहा दिवस शोधलं, बुड्या मारल्या, मग तळच नाही म्हणून हात झटकले. आठव्या दिवशी तिनं घरातली बाज उलटी केली, तिचं सुंभ उसवलं, हात-हाताला गाठ मारली आणि टोकाला वरवंटा बांधला. बजाबाई म्हणून एक भोयाची म्हातारी होती, तिच्याकडं काहील होती. काहील म्हणजे गूळ शिजवायची मोठी कढई, आमच्याकडं भीमेत लोक ती नावेसारखी वापरतात. उन्हाच्या वेळी गाव झोपलेलं असताना दोघी त्यात बसून मधोमध गेल्या. वरवंटा टेकला की हाताला कळतं, ती म्हणाली, विहिरीत घागर टेकल्यागत. लोकांना कळलं नाही कारण त्यांनी दगड बांधला सुपारीएवढा. चोवीस गाठी गेल्या आणि सुंभ ढिलं पडलं. मग दोघींनी विहिरीत पडलेली बादली काढायचा गळ आणला, आणि तीन दुपारी या काठापासून त्या काठापर्यंत शेतात पेरायची पाभर मारल्यासारखा तो तळावरून ओढला. एक फुटका लोटा निघाला, एक बादली निघाली, बैलाचं हाडूक निघालं. माणूस निघाला नाही. तिसऱ्या दिवशी घरी येऊन तिनं ट्रंक उघडली. त्याचा लग्नातला कोट नव्हता, नव्या वहाणा नव्हत्या. काठावर ठेवलेल्या होत्या त्या जुन्या. आधी ट्रंक उघडली असती तर काहिलीत बसायचं कामच नव्हतं, असं म्हणून ती जराशी हसली.

मला कळायला वेळ लागला. मी तिला विधवा करायला निघालो होतो, आणि ती विधवा नव्हतीच कधी. ती टाकलेली होती. तिनं तळ लावला, तळावर नवरा नाही हे बघितलं, आणि गावाला तळ लागत नाही ते तसंच राहू दिलं. बजाबाईही मरेपर्यंत बोलली नाही. नवरा टाकून गेला म्हटल्यावर चोवीस वर्षांच्या बाईला कुणी दारात उभं केलं नसतं, ती म्हणाली, येणाऱ्या-जाणाऱ्यानं टक लावून बघितलं असतं. तळ्यानं नेलेल्याची बायको म्हटल्यावर माणसं चपला काढून बोलायला लागली. कुंकवाचं तर तिचं अगदी सरळ होतं. मेल्याचा सांगावा आलेला नाही, म्हणून लावते. श्रद्धाबिद्धा आम्हीच तिच्या कपाळाला चिकटवली होती. फलकाचं विचारलं तेव्हा म्हणाली, लिही की. पोरंबाळं बसणार त्या बदकात, खोटं लिहितोस का? हंसाला ती बदक म्हणाली. आणि गावातल्या पोरी? त्याही माझ्या हातनं कुंकू लावून घेतात, तळ्याच्या हातनं नाही, ज्यांना यायचं त्या येतील. एवढं बोलून तिनं ताट झटकून दाणे एका बाजूला केले. मला भयंकर राग आला होता आणि तो कुणावर काढायचा ते समजत नव्हतं. चव्वेचाळीस वर्षं मी दर अक्षय तृतीयेला त्या पाण्याला डोकं टेकवलं. माझ्या मुलीला, अंकिताला, तिथं नेऊन हात जोडायला लावलं. आणि हा माणूस कोट घालून कुर्डुवाडीची गाडी धरून गेला असेल, कुठंतरी दुसऱ्या घरात म्हातारा झाला असेल, त्याला दुसरी पोरं असतील, त्यांना पोहायला येत असेल.

मी म्हणालो, गावाला नाही सांगितलंस ते ठीक आहे. मला का नाही?

तिचा शेंगेवरचा अंगठा तसाच राहिला.

"तुला बाप पायजे हुता," ती म्हणाली. "तळ्यात हुता तवर तुजा हुता."

खाली कुणीतरी गाडी धूत होतं, पाइपचं पाणी पत्र्यावर पडत होतं. बाप मेलेली पोरं मी बघितली होती, कीव करायचो, कारण माझा मेलेला नव्हता. आज मेलाही नाही आणि उरलाही नाही. एक्कावन्न वर्षांचा मी, पेन्शन घेतो, गुडघे दुखतात, आणि सात वर्षांच्या पोराला पडावा तो प्रश्न तोंडातून निघून गेला. तो आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. मी विचारलं, "जाताना त्यानं माझ्याकडं बघितलं का गं?"

तिनं माझ्याकडं बघितलं. सरळ डोळ्यांत, पापणी न हलवता, गावातल्या बायकांकडं बघत आली असेल तसंच.

"व्हय की. तुजी वाकळ सरकली हुती. ती नीट घातली अंगावर, डोस्क्यावनं हात फिरवला, आन् मग गेला."

वैशाख होता. आमच्याकडच्या वैशाखात पहाटेसुद्धा जमीन गार होत नाही. आम्ही अंगणात उघडे झोपायचो, पोत्यावर, अंगावर सूत नाही. वाकळा, त्या जाड गोधड्या, तर ती शिमगा झाला की धुऊन, बांधून माळ्यावर टाकायची, त्या दसऱ्याला खाली यायच्या. हे मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे तिला माहीत होतं. ती माझ्या तोंडाकडं बघत वाट पाहत होती.

"व्हय," मी म्हणालो. "आटवतंय मला थोडं थोडं."